'त्या' गाण्याच्या वेळची रांग

कोणतीही बंडखोरी दीर्घकाळ टिकवायची असेल, तर तिला शिस्त लागते. शिस्त नसलेली बंडखोरी दोन-चार वर्षांत मावळते आणि माणूस नोकरीला लागतो. आम्हीही नोकरीला लागलो, पण शिस्त सोडली नाही. म्हणूनच आमच्या आवडत्या बँडच्या मैफलीला आम्ही आजही त्याच निष्ठेने जातो आणि तिकिटावर छापलेल्या क्रमांकाच्या खुर्चीत बसून व्यवस्थेचा निषेध करतो.

हा बँड पर्यायी रॉक वाजवतो. पर्यायी रॉक म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो (ठाऊक नसलेल्यांना सांगण्यातच या संगीताचा निम्मा आनंद आहे). साधं रॉक लोकांना आवडावं म्हणून वाजवतात. पर्यायी रॉक लोकांना आवडलं, तर त्याला कलावंतांचा नाइलाज असतो.

असा नाइलाज आमच्या बँडवर एकदाच ओढवला. त्यांचं एक गाणं लोकांना आवडलं, आणि तेही तुफान. न्हाव्याच्या दुकानात वाजलं, लिफ्टमध्ये वाजलं, साबणाच्या जाहिरातीत वाजलं. आम्ही जुने श्रोते त्या गाण्याचं नाव घेत नाही. नुसतं 'ते गाणं' म्हणतो, घरातल्या व्यसनी काकांचा विषय निघावा तशा आवाजात.

मैफलीत ते गाणं सुरू झालं की जाणत्या श्रोत्याने उठून स्वच्छतागृहाकडे जायचं, असा प्रघात आहे. तो पाडला आमच्या गटातल्या दंतवैद्याने. काही वर्षांपूर्वी त्या गाण्याच्या वेळी तो उठला, तो निव्वळ गरज म्हणून. परत आला तेव्हा लोक त्याच्याकडे आदराने बघत होते. माणूस हुशार, त्याने खुलासा केला नाही. पुढच्या मैफलीला चार जण उठले, त्याच्या पुढच्या मैफलीला चार रांगा. प्रघाताला वैद्यकीय आधारही भक्कम आहे. पन्नाशीनंतर तत्त्वाची आणि मूत्राशयाची वेळ साधारण एकच येते.

यंदा बायको म्हणाली, "मीही येते." बँडने हा शेवटचा दौरा असल्याचं जाहीर केलं होतं (हा त्यांचा तिसरा शेवटचा दौरा). अडचण एवढीच होती की बायकोला त्यांचं एकच गाणं माहीत आहे, आणि ते 'ते' आहे. लग्नाआधी एका संध्याकाळी बस चुकली, तेव्हा थांब्यावर मी तिला ते म्हणून दाखवलं होतं. (तेव्हा ते प्रसिद्ध झालेलं नव्हतं, याची कृपया नोंद घ्यावी.) सूर लागला नाही, दुसरं कडवं विसरलो, तरी ती 'हो' म्हणाली. माझा संसार त्या गाण्यावर उभा आहे, ही गोष्ट मी गटापासून आजवर यशस्वीपणे लपवली आहे.

"एकच मागते," ती घरून निघताना म्हणाली. "ते गाणं लागलं की माझ्या शेजारी बसून राहा. गाऊ नकोस हं, नुसता बस."

"बसतो की."

"दंतवैद्याने बघितलं तरी?"

"तो काय माझा सासरा लागून गेलाय?"

सभागृह भरलं होतं. नियम न मानणाऱ्यांचा गणवेश काळा असतो, त्यामुळे सगळे काळ्या टी-शर्टात होते. तिशीत घेतलेला टी-शर्ट अजूनही अंगात जातो, हे त्या दिवशी अनेकांनी श्वास रोखून सिद्ध केलं. एका पाहणीनुसार (पाहणी मी केली, मान जाईल तितकी वळवून) दहांपैकी सहा श्रोत्यांच्या कानात बोळे होते, तिघांच्या गुडघ्याला पट्टा होता आणि उरलेला एक झोपला होता. कार्यक्रमाआधी विनंती झाली, की जनक्षोभाच्या गाण्यांना श्रोत्यांनी कृपया जागेवर बसूनच क्षुब्ध व्हावं, मागच्यांना दिसत नाही. आम्ही शिस्तीत क्षुब्ध झालो.

आणि मग गिटारवर ते चार सूर वाजले. बायकोने माझा हात धरला.

दंतवैद्य उठला. त्याच्यामागे रांगच्या रांग उठली. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलं. दाढ काढण्याआधी तो रुग्णाकडे बघतो, तसं नुसतं बघितलं.

"आलोच," मी बायकोला म्हणालो.

तिने हात सोडवून घेतला आणि माझ्या खुर्चीवर पर्स ठेवली, जागा राखायला. त्या वेळी सभागृहातल्या बाकीच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत होत्या.

रांग स्वच्छतागृहापासून निघून बोळ ओलांडून थेट पार्किंगपर्यंत गेली होती. भिंतीतून गाणं ऐकू येत होतं आणि कोणीही ते ऐकत नव्हतं. सगळ्यांचे ओठ मात्र हलत होते. दंतवैद्याचे तर स्पष्टच. मी बघतोय हे लक्षात आल्यावर, हा जबड्याचा व्यायाम असल्याचं त्याने सांगितलं.

माझ्यापुढे उभा असलेला घामाघूम माणूस वळला. तो बँडचा ड्रमवाला होता.

"तुम्ही इथे?" मी विचारलं.

"मी पहिल्या दिवसापासून या गाण्याच्या विरोधात आहे," तो म्हणाला. "गिटारवाला काय, तो बघा, आत पोचलासुद्धा."

"मग तिकडे वाजवतंय कोण?"

"गायक. एकटाच. घरी बायकोला शब्द देऊन आलाय म्हणे, हे गाणं सोडणार नाही म्हणून." त्याने सुस्कारा सोडला. "वय झालं की माणूस घसरतो."

मी लगेच मान डोलावली.

परतलो तेव्हा पर्स बायकोच्या मांडीवर होती आणि माझी खुर्ची गरम होती.

"कोण बसलं होतं इथे?"

"तो गायक," ती म्हणाली. "त्याला फार वेळ उभं राहवत नाही ना. गात गात खाली आला. मला विचारलं, इथे कोणी आहे का? मी म्हटलं, आहेत, येतील इतक्यात. तर म्हणाला, ते येईपर्यंत बसतो."

"मग?"

"मग काय. शेवटपर्यंत बसला." ती थोडी हसली. "दुसरं कडवं तोही विसरला. तुझी आठवण आली."

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. तेवढ्यात मागून दंतवैद्याने खांद्यावर थाप मारली. "शाब्बास! मला वाटलं होतं, यंदा तू ढिला पडतोस." त्याच आठवड्यात गटाने मला एकमताने उपाध्यक्ष केलं. बायको आता ते गाणं घरात गुणगुणत नाही, त्यामुळे पदाची प्रतिष्ठाही राखली जाते.

तुम्हाला माझा राग आला असेल. 'आम्ही असतो तर बसलो असतो,' असं तुम्ही मनात म्हणालातही असाल. मी मान्यही केलं असतं. पण सभागृहात त्या वेळी माझ्या बायकोखेरीज एकही श्रोता नव्हता. आणि रांगेत माझ्या मागून कोणीतरी सारखं विचारत होतं, "पुढे काही सरकतंय का?" आवाज ओळखीचा वाटला म्हणून मी वळून पाहिलं, तर तुम्ही घाईघाईने खाली बघायला लागलात. ओठ तुमचेही हलत होते.