काकतीकाकांची नवी कादंबरी

पार्किंगमध्ये धामण निघाली, तेव्हा तळमजल्यावरचे काकतीकाका "हाप, हाप" करत ओरडले आणि वॉचमन धावत जाऊन टपरीवरून त्यांच्यासाठी हाफ चहा घेऊन आला. काका आसामचे. त्यांच्या तोंडात ‘स’चा ‘ह’ होतो आणि ‘च’चा ‘स’. त्यामुळे ते साप म्हणत होते हे धामण निघून गेल्यावर सगळ्यांना कळलं. काकांनी निमूटपणे "साय" घेतला.

बायको गेल्यावर मुलीने त्यांना नवीन पनवेलला आणलं. आसामात म्हणे आधुनिक कादंबरी यांच्यापासून सुरू होते. आधी कादंबरीत राजे-सरदार असायचे, काकांनी तिथे चहाच्या मळ्यातला कारकून आणून बसवला. तिकडच्या पोरांना परीक्षेत त्यांच्यावर प्रश्न येतो. आमच्या सोसायटीत मात्र ते ‘बंगाली काका’. "बंगाली नाय, अहमीया," असं ते थांबवून सांगत आणि समोरचा "तेच ते" म्हणून सटकत असे.

नवीन काही लिहिता का, असं मी एकदा विचारलं.

"बंद," ते म्हणाले. प्रत्येक प्रकरण आधी बायकोला तोंडी ऐकवायचं आणि मगच कागदावर उतरवायचं, ही त्यांची पद्धत. "अब कौन हुनेगा?" मुलगी दिवसभर ऑफिसात. नातवाला आसामी येत नाही. मला वाईट वाटलं, पण माझाही इलाज नव्हता.

मग एकदा बाजारात पाहिलं तर उलव्याहून मासळी विकायला येणाऱ्या बेबीबाईच्या पाटीशेजारी काका उलट्या क्रेटवर बसलेले. हातवारे करत अस्खलित आसामीत बोलत होते. बेबीबाई बोंबील साफ करता करता "मंग?" म्हणत होती. काका गेल्यावर मी तिला विचारलं, "तुम्हाला कळतं?"

"काय बी नाय कलत, ताई. गोष्ट हाय येवरा समाजलाय. मी उठले का गप होतान, म्हून उठत नाय. एक बाई हाय गोष्टीन. मालोती."

काकांच्या बायकोचं नाव मालती होतं.

"काल ती मेली वाटतं. काका लय रडले. मंग मी बोलले, काका, अशी मारू नका तिला, उद्या जित्ती करा. त्यांना कललं का नाय, द्येवाला ठावं."

"मग आज?"

"आज आल्यापासना तिचाच नाव चालला व्हता," बेबीबाई म्हणाली, "आन हासत व्हते."