उंट कोणी विकला

घड्याळजींनी रविवारी सकाळी संगणक उघडला आणि पाहतात तो काय, उंट विकला गेला होता.

उंट म्हणजे त्यांच्या फुटबॉल संघाचा कप्तान. उंच, जरासा पोक काढून पळणारा. खऱ्या मैदानावरून तो निवृत्त झाला त्यालाही जमाना लोटला. पण भाचीने मामांना एक खेळ बसवून दिला होता. त्यात आपण संघाचे व्यवस्थापक व्हायचं, खेळाडू घ्यायचे, विकायचे, कोणाला उतरवायचं ते ठरवायचं. सामना संगणक खेळतो. भाचीने हौसेने त्यात जुन्या काळची सगळी नावं भरली होती, आणि दुकान बंद केल्यापासून घड्याळजी मफलरवाल्यांची कारकीर्द पहिल्यापासून जगत होते.

मफलरवाले म्हणजे गावच्या संघाचे थोर व्यवस्थापक. कारखान्याच्या भोंग्याआधी मैदानावर हजर, आणि ऐन उन्हाळ्यातही गळ्यात तोच तपकिरी मफलर. बुडीत निघालेला संघ त्यांनी असा वर काढला, की सामन्याच्या दिवशी नवरदेवसुद्धा लग्नाची वेळ बदलून घ्यायचे. घड्याळजी खेळायला बसताना मफलर गुंडाळत.

"घरात बसून उंटावरून शेळ्या हाकायला मफलर कशाला लागतो?" बायको विचारी.

खेळाची एकच खोड घड्याळजींना सहन होत नसे. काहीही करायला गेलं की तो दोनदा विचारी, 'नक्की?'

"लग्नातसुद्धा मला एकदाच विचारलं होतं," ते कुरकुरत.

"मला तेवढंही नाही," बायको म्हणे.

मफलरवाल्यांनी जे केलं ते सगळं घड्याळजींनी तसंच केलं होतं, एक गोष्ट सोडून. शेवटच्या वर्षी मफलरवाल्यांनी उंटाला समुद्राकाठच्या एका चिमुकल्या संघाला विकलं आणि अंतिम सामना हरले. तो सामना घड्याळजींनी शेजारच्या कंपाउंडरबरोबर रेडिओवर ऐकला होता. एक शब्द हुकू नये म्हणून दुकानातली सगळी घड्याळं थांबवून. सामना संपला आणि भांडण सुरू झालं.

"उंट विकला म्हणून हरलो," घड्याळजी म्हणाले.

"त्याचे गुडघे गेले होते. लेप मी लावायचो, मला सांगतोस? विकला ते बरोबर. हरलो ते वाऱ्यामुळे."

त्यानंतर वर्षभर अबोला. घड्याळजींच्या खोकल्याचं औषध कंपाउंडर घड्याळजींच्या बायकोच्या हाती देई आणि भिंतीकडे बघून म्हणे, "हलवून घ्यायचं." पुढे बोलणं सुरू झालं, वाद मात्र चाळीस वर्षं जिवंत राहिला.

आता कंपाउंडर उद्या कायमचा लेकीकडे राहायला निघाला होता. आज दुपारी त्याच्या डोळ्यांदेखत, उंटाला घेऊन, तोच अंतिम सामना जिंकून दाखवायचा असं घड्याळजींनी ठरवलं होतं. आणि उंट नेमका त्या सामन्यातल्या प्रतिस्पर्ध्यांच्या घरात जाऊन बसला होता.

"अगं, काल माझ्या टेबलाला कोणी हात लावला होता?"

"मीच. धूळ पुसली. का?"

"तू उंट विकलास."

"फडक्याने?"

"बटण दाबलं गेलं असणार त्याने."

"बरी किंमत आली का?"

घड्याळजींनी भाचीला फोन लावला.

"मामा, आधीचा साठवलेला खेळ उघडा की."

"मी रोज त्याच जागी साठवतो. उगाच पसारा कशाला?"

"मग आता देव आठवा."

देव आठवण्याआधी त्यांनी उंटाला परत विकत घ्यायचं ठरवलं. पैसे पुरेनात, म्हणून गोलरक्षक विकला. 'नक्की?' खेळाने विचारलं. "नक्की, नक्की," घड्याळजी खेकसले. पैसे आले, प्रतिस्पर्धी तयार झाले, आणि उंटानेच निरोप पाठवला: ज्यांनी मला विकलं त्यांच्याकडे मी परत येणार नाही. तेवढ्यात खरेदीची मुदत संपली. तेलही गेलं, तूपही गेलं. गोलात उभा राहिला तो राखीव पोरगा, ज्याने आजवर फक्त पाण्याच्या बाटल्या भरल्या होत्या.

दुपारी कंपाउंडर इस्त्रीचा शर्ट घालून आला. पडद्याच्या अर्ध्या भागावर कागद चिकटवलेला होता.

"हे काय?"

"उजेड डोळ्यांवर येतो."

"खेळाडूंची नावं त्याच्याखाली आहेत ना रे?"

"आपल्याला काय, पाठ आहेत नावं. तो पुढचा ठिपका उंट."

पुढचा ठिपका म्हणजे एक उंच बचावपटू होता. तो आयुष्यात पहिल्यांदाच इतका पुढे आला होता आणि भांबावून जागच्या जागी फिरत होता.

"बघ, बघ," कंपाउंडर म्हणाला, "गुडघे. म्हटलं नव्हतं?"

घड्याळजींनी ओठ चावला. त्यांच्या उंटाची अशी बेअब्रू त्यांना बघवेना. चहा आला, संपला. सामना शून्य-शून्यवर संपत आला, आणि अचानक पडदाभर अक्षरं झळकली. गोल! उंट!

"वा! मारला रे तुझ्या उंटाने," कंपाउंडर मोठ्या मनाने म्हणाला. मग त्याने चष्मा पुसला. "पण आपल्या नावापुढे अजून शून्य कसं?"

घड्याळजींनी कागद काढला आणि सगळं सांगून टाकलं. फडकं, गोलरक्षक, उंटाचा निरोप. सांगता सांगता शिट्टी वाजली, संघ हरला, आणि घड्याळजी मध्येच थांबले. त्यांचा चेहरा उजळत गेला.

"म्हणजे उंट विकला," ते सावकाश म्हणाले, "आणि हरलो."

"मग?"

"अरे, उंट विकला म्हणून हरलो! चाळीस वर्षं दुसरं काय सांगतोय?" त्यांनी मफलर काढून हवेत फिरवला. आपला संघ हरल्याबद्दल एवढा आनंद कुठल्याही व्यवस्थापकाला झाला नसेल.

"हे धरायचं नाही," कंपाउंडर उठून उभा राहिला. "मफलरवाल्यांनी उंट समुद्राकाठी दिला होता. तू वैऱ्याच्या दारात बांधलास. गिऱ्हाईक चुकलं, विक्री नाही."

"गोल मारला ना त्याने? गुडघे गेले होते ना?"

"बाटल्या भरणाऱ्या पोराला कोणीही गोल मारेल. वहिनी मारतील. पुन्हा मांड. लेकीकडे आहे संगणक. रोज संध्याकाळी फोनवर खेळू. माझा संघ समुद्राकाठचा."

दोघे इतके खुशीत भांडत होते, की उद्याच्या निघण्याची आठवण कोणालाच झाली नाही. सामान बांधायचं राहिलंय असं बायकोने सांगितलं, तेव्हा कुठे कंपाउंडर घरी गेला.

घड्याळजी मफलरची घडी घालता घालता थबकले. "अगं, पण हा खेळ दोनदा विचारतो. फडकं दोनदा 'नक्की' म्हणालं?"

बायको कप गोळा करत होती. "चारदा विचारलं असतं तरी म्हटलं असतं. निघालेल्या माणसाला हरवून पाठवू नये. उंटाशिवाय जिंकला असतात तर भावजी खरे ठरून सुखाने गेले असते, आणि माझ्या घरातला हा विषय कायमचा मिटला असता."

"मग?"

"मग काय. उंटाने घात केला."

तेवढ्यात फोन वाजला. तिने उचलला, ऐकला आणि नवऱ्यापुढे धरला.

"घ्या. भिंतीपलीकडूनच आहे. आज वारा कुठल्या दिशेने होता, विचारताहेत."