दगडाला दार माहीत नसतं

माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी रहिमतपूरच्या शिदूतात्या फरशीवाल्यांचं नाव घेतो. त्यांनी मला काम दिलं नाही, हे ते उपकार.

माझे वडील तात्यांच्या हाताखाली बिगारी होते. बारावी झाल्यावर मीही तात्यांकडे काम मागायला गेलो. त्यांनी माझे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले आणि वडिलांना म्हणाले, "ह्यो दगूड कच्चा हाय. ह्याला कालिजात घाल. न्हाई टिकला तर आण परत, मग बघू." मी टिकलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो, बी. एड. केलं, आता सांगलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. प्रत्येक निकालाला पेढे घेऊन गेलो की तात्या विचारायचे, "अजून न्हाई व्हय नापास झालास?" आणि पेढा तोंडात टाकून दुसऱ्यासाठी हात पुढे करायचे.

तात्या कुणाच्या घरी गेले की चपला दारात काढत नाहीत. फाटकाबाहेर काढतात. मग डोळे मिटून, अनवाणी, सावकाश चालत अंगणातून पडवीत, पडवीतून बैठकीत आणि तिथून थेट स्वयंपाकघरात जातात. नवख्या घरातल्या बायकांना वाटतं, म्हाताऱ्याला दिसत नाही. कुणीतरी हात धरायला धावतं. तात्या हात झटकतात. मध्येच थांबून "हितं आडलं," एवढंच बोलतात आणि पाणी मागतात. घरचे तांब्या भरून देतात. तात्या तो जमिनीवर ओततात आणि उकिडवे बसून पाणी कुठं जातंय ते बघत राहतात.

याच्यामागे त्यांचं एक तत्त्वज्ञान आहे. घरात जो दगड, तोच पडवीत, तोच अंगणात. मध्ये पायरी नको, पट्टी नको, उंबरा तर नकोच. चुलीपाशी टाकलेलं पाऊल न अडखळता झाडाच्या बुंध्यापर्यंत गेलं पाहिजे. "दगडाला दार म्हाईत नसतं गड्या," ते म्हणतात. "दार मानसानं केलंय. दगूड आपला आतनं भाईर चाललेला असतोय. त्येला आडवायचं न्हाई." फरक एवढाच की आतली शहाबादी फरशी घासून गुळगुळीत करायची आणि बाहेरची तशीच खरबरीत ठेवायची. "आत गुळगुळीत, भाईर खरबरीत. मानसाचं उलटं असतंय."

चकचकीत टाइल्सना आमच्याकडे स्टाईल म्हणतात. तात्या त्यांना बशा म्हणतात. "ती बशी हाय. बशीत च्या प्यायचा. बशीवर कुनी चालतंय का?"

पुतणीच्या स्थळासाठी एकदा तात्या वडूजला गेले होते. मुलगा चांगला, घर नवीन, पोहे झाले, चहा आला. बोलणी अगदी जमत आलेली असताना तात्यांनी आपल्या पेल्यातलं पाणी जमिनीवर ओतलं. बैठकीतले सगळे पाय वर घेऊन बसले. पाणी दाराकडे जायचं सोडून मुलाच्या खुर्चीखाली जाऊन थांबलं. तात्या व्याह्यांना म्हणाले, "पावणं, पोरगा सोन्यासारखा हाय. पर तुमच्या घरातलं पानी घरातच ऱ्हातंय. आमची पोरगी जलमभर पुसतच बसायची का?" लोक उठायच्या बेतात होते. शेवटी मुलाचाच बाप हसला आणि म्हणाला, "मग तुमीच करून द्या की!" लग्नाआधी महिनाभर तात्या वडूजला जाऊन राहिले. पुतणीच्या आईनं रुखवतात लाडू मांडले. तात्यांनी व्याह्यांना उतार दिला.

साताऱ्यात एका बंगल्याचं काम चाललं होतं. तिथल्या तरुण आर्किटेक्टनं तात्यांना मोबाईलवर परदेशातल्या घराचं चित्र दाखवलं. दिवाणखान्याची दगडी फरशी तशीच पुढे बागेत गेलेली, मध्ये फक्त काच. तो म्हणाला, "काका, याला सीमलेस म्हणतात. जमेल?" तात्यांनी चित्र जवळ धरलं, लांब धरलं. "जमंल की. आमच्या आईनं श्येरडाच्या गोठ्याला हेच केलं हुतं. फकस्त काच लावायची ऱ्हायली." तो मुलगा हुशार निघाला. त्यानं पुढची तीन कामं तात्यांनाच दिली, आणि काच कुठं बसवायची तेही तात्याच ठरवायला लागले.

मी सांगलीत घर बांधायला काढलं तेव्हा फरशी कुणाकडून करून घ्यायची हा प्रश्नच नव्हता. माझी बायको वैशाली हिला स्टाईल हवी होती. तात्यांनी तिच्याशी वाद घातला नाही. तिला एका शहाबादीवर अनवाणी उभं केलं आणि म्हणाले, "धा मिंटं ऱ्हावा सूनबाई. मग सांगा." ती वीस मिनिटं उभी राहिली आणि तात्यांसाठी चहा ठेवायला गेली.

शेजारच्या काकांनी मात्र शंका काढली. "अहो, आमच्या सांगलीत पाणी आत येऊ नये म्हणून लोक उंबरे वाढवतात. तुम्ही काढून टाकताय?"

तात्या दगड ठोकून त्याचा आवाज ऐकत होते. मान वर न करता म्हणाले, "पावसाच्या पान्याला मी बोटभर उतार दिलाय, ते येत न्हाई. आन् नदी यायची ठरली तर ती काय तुमच्या उंबऱ्याला भ्येनार हाय? ती माडीवर येती."

वास्तुशांतीच्या दिवशी गुरुजी हळदीकुंकवाचं तबक घेऊन दारात आले आणि तिथंच उभे राहिले. उंबऱ्याची पूजा करायची होती आणि उंबरा कुठं दिसेना.

"कुठंबी करा, गुरुजी," तात्या म्हणाले. "सगळं घरच उंबरा हाय."

तेवढ्यात मागून काकी म्हणाल्या, "दुनियेची दारं बोडकी केलीसा. आता गुरुजींचीबी पंचाईत केली. आन् माझ्या दाराला तेवढा हात लावून दावा!"

हौसाकाकी म्हणजे तात्यांच्या पत्नी. सगळा मांडव हसला, कारण एव्हाना सगळ्यांना ठाऊक होतं. जिल्हाभर उंबरे काढत फिरणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घराला चांगला पाच बोटं उंच काळ्या दगडाचा उंबरा होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी काकींनी हट्ट केला आणि तात्यांनी तो स्वतः घडवला, मध्ये कमळ कोरलं. काकी त्याला रोज सकाळी हळदीकुंकू लावत. त्यांचा मुलगा विलास फौजेत आहे. प्रत्येक रजा संपली की काकी त्याच्या हातावर त्याच उंबऱ्यात दही घालत. "त्यो हेच्यावरनं गेलाय, हेच्यावरनंच यील," असं त्यांचं म्हणणं. तात्यांनी उंबऱ्याचा विषय काढला की एकच उत्तर मिळे, "घर तुमचं. उंबरा माझा."

गेल्या हिवाळ्यात काकींना अर्धांगाचा झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, देवाची कृपा. हात सुधारला. उजवा पाय मात्र ओढत टाकावा लागे. वर उचलत नसे. सपाट जमिनीवर काठी घेऊन त्या चालत, पण पाच बोटांचा उंबरा ओलांडता येईना. अंगण समोर दिसत होतं, तिथला पारिजातक दिसत होता, आणि त्या आत खाटेवर. शेजारणी म्हणाल्या, आम्ही दोघी धरून बाहेर नेतो. काकी म्हणाल्या, "मी काय मढं हाय का, उचलून न्यायला? जाईन तवा माझ्या पायानं जाईन."

तात्या छन्नी-हातोडा घेऊन उंबऱ्याशी बसले. काकी खाटेवरून कडाडल्या, "हात लावला तर बघा!"

हे सगळं मला फोनवर तुकड्यातुकड्यानं कळत होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी रहिमतपूरला गेलो तर तात्यांच्या दारात गर्दी. सोप्यातली सगळी फरशी उचकटून भिंतीला लावलेली. अंगणातलीही. मधोमध तो काळा उंबरा तेवढा जागच्या जागी, आणि पंच्याहत्तरीच्या घरातले तात्या मुरूम पसरत होते. उंबरा काढता येत नव्हता, म्हणून त्यांनी सगळं घर उंबऱ्याएवढं वर घ्यायचं ठरवलं होतं. आतून पाच बोटं, बाहेरून पाच बोटं. उंबरा जागेवर राहणार आणि आडवा येणार नाही.

पारावरचे दोघे-तिघे मजा बघायला आले होते. "तात्या, येक दगूड काढायचा सोडून गाव उचलताय व्हय!"

"तुमी येता का उचलू लागायला? न्हाई ना? मग उजेड सोडा."

आतून काकींची देखरेख चालू होती. "आवं, त्यो तिसरा वाकडा बसलाय."

"देवानं पाय घेतला, डोळं तेवढं ठेवलं माझ्या जिवाला!"

"जीभबी ठेवलीया. हाणा त्येला डावीकडनं."

तात्यांनी डावीकडून हातोडीचा लाकडी दांडा हाणला. दगड सरळ झाला.

जमीन वर आल्यामुळे दाराच्या फळ्या खालून कापाव्या लागल्या आणि चौकट खाली आल्यासारखी झाली. तात्या उंच आहेत. जाता-येता त्यांचं कपाळ वरच्या लाकडावर आपटू लागलं. काकी म्हणाल्या, "नमस्कार करत जावा. तेवढीच सवय लागंल."

चौथ्या दिवशी तात्या मुरूम आणायला गेले. मी काकींजवळ बसलो होतो. राहवेना म्हणून विचारलं, "काकी, उंबरा इतका जिवापाड प्यारा आहे?"

"प्यारा हाय. पर पायापरीस न्हाई, सुभाषा."

"मग फोडू का दिला नाही?"

त्यांनी दाराकडे पाहिलं, तात्या आले नाहीत याची खात्री केली. "मी पडल्यापास्नं त्येंनी थापी हातात धरली न्हवती. भितीला पाठ लावायची आन् माझ्याकडं बघत बसायचं. दाढी न्हाई, धड जेवान न्हाई. साताऱ्याच्या मानसाला म्हनाले, आता माझं काम सपलं. उंबरा फोडला असता तर अर्ध्या तासाचं काम. म्होरं काय? पुन्ना भितीला पाठ. म्हटलं, लांबचं काम काढावं."

"पण तुम्हाला एवढे दिवस आत बसावं लागलं."

"बसली की. त्येंना बघत बसली." त्या हसल्या. "जलमभर दुसऱ्याच्याच घरी फरशी करीत गेलं. कसं करत्यात, मी कवा बघितलं हुतं? आता बघितलं. लय मन लावून करत्यात रं. बोलू नगंस त्येंना."

मी शब्द दिला. माझ्या प्रशिक्षणाचे दिवस आले म्हणून काम संपायच्या आधीच मला सांगलीला परतावं लागलं. आठवडाभरानं तात्यांचा फोन आला.

"मास्तर, गेली."

"कोण गेलं? काय झालं?"

"अरं, भाईर गेली! काठी टेकत गेली. उंबऱ्यावर पाय ठिवला, फुडं टाकला, पारिजातकापातूर गेली. मी मागं मागं. धरलं न्हाई. वराडली असती."

"आणि तिथं जाऊन काय म्हणाल्या?"

"म्हनली, हितला दगूड वाकडा हाय."

आम्ही दोघेही खूप हसलो. मग तात्या बारीक आवाजात म्हणाले, "मास्तर, आता काय?"

एवढ्या वर्षांत तात्यांनी मला काही विचारल्याचं हे पहिलंच. दगडाचं उत्तर त्यांच्याकडे असे, पाण्याचं असे, नदीचंसुद्धा असे. मी काहीतरी बोललो आणि फोन ठेवला. मागच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. तात्यांनी बसवलेली फरशी स्वयंपाकघरातून बाहेर आली होती, आणि इतक्या पावसाळ्यांनंतरही तिच्यात केसाएवढा फरक पडला नव्हता.

तात्यांना हातची कामं सोडून पळत आणायचं असेल तर त्याला एकच हमखास उपाय आहे, त्यांच्या कामाला नाव ठेवणं. फोनवर ते मला जमलं नसतं. खोटं बोलताना माझा आवाज कापतो. म्हणून मी पत्र लिहिलं. तात्यांशी मी बोललेलं हे एकमेव खोटं, तेही रजिस्टर पोस्टानं.

तीर्थस्वरूप तात्या यांस,
सुभाषचा साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, आमच्या मागच्या दारातली आपण बसवलेली फरशी दबली आहे. मी स्वतः पट्टी ठेवून पाहिली. आत आणि बाहेर आता एका पातळीत राहिलेलं नाही. तात्यांचा हात पहिल्यासारखा राहिला नसेल, असं वैशाली म्हणाली. तसं बोलू नये, असं मी तिला सांगितलं. शेजारच्या काकांनी स्टाईलवाला माणूस सुचवला आहे. तो दोन दिवसांत करून देतो म्हणतो. त्याला मी अजून होकार दिलेला नाही.

काम किती निघेल ते पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. एक दगड उचलला की शेजारचा उचलावा लागतो, हे आपणच सांगता. तेव्हा चांगलं महिनाभर राहायच्या तयारीनं यावं. एस.टी.नं येऊ नये, मी रविवारी गाडी घेऊन येतो. काकींना बरोबर आणावं. मागच्या दारात सावलीला त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली आहे. तिथून सगळं काम दिसतं.

आपला,
सुभाष