दोन-दोन किलोंचं पाप

भाजीच्या पातेल्यावर झाकण आपटलं, तेव्हा बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "आपट! भांडी फुकट आलीत ना!"

बायकोने दात आवळले. दीड महिना झाला, घरात माणूस नव्हे, उपाशी वाघ राहत होता. वाघाचा धंदा दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त करण्याचा. गुडघा इतका गेलेला, की काट्यापुढे उकिडवं बसलं की उठवायला दोन माणसं लागत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आधी आठ किलो उतरवा, मग ऑपरेशन. ते झालं नाही तर धंदा बंद.

त्याच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे हॉस्पिटलातल्या नर्सने, हिशोब घालून दिला होता. "रोज चारशे कॅलरी कमी खा. महिन्याला दीड किलो जाईल. पाच-सहा महिने धीर धर."

"म्हणजे बाराशे कमी केल्या तर दोन महिन्यांत काम फत्ते! ताई, साधं त्रैराशिक आहे."

"तू माणूस आहेस रे, त्रैराशिक नाहीस."

पण ऐकेल तो काटेवाला कसला! काकडी आणि उकडलेलं अंडं सुरू झालं. पंधरा दिवसांत तीन किलो गेले आणि त्यांच्याबरोबर अक्कलही. त्याने खाटकाला शिव्या घातल्या, शेजाऱ्याच्या कुत्र्याशी वाद घातला. बायको रांधायची, तो ताट सरकवायचा, आणि अन्न वाया जाऊ नये म्हणून ती रागारागाने दोघांचं जेवायची.

आज त्याची हत्यारांची पिशवी आवरताना तिच्या हाती प्रमाण वजनांची पेटी लागली. आत मखमलीच्या खाचांत वजनं ओळीने बसलेली. फक्त अर्ध्या किलोच्या खाचेत क्रीमची बिस्किटं होती.

ती पेटी घेऊन बाहेर येते न येते तोच ताई दारात हजर. "चार किलो गेले म्हणालास फोनवर! मी डॉक्टरांशी बोलून ठेवलंय, सोमवारी वजन करणार आहेत." बोलता बोलता ती कोपऱ्यातल्या काट्यावर उभी राहिली. "हे काय? सकाळी वॉर्डातल्या काट्यावर होते त्यापेक्षा दोन किलो कमी! रस्त्यात सांडले की काय?"

काटेवाला छताकडे पाहू लागला.

"अहो, काट्याला हात लावलात?" बायको ओरडली. "दुसऱ्यांचे काटे सरळ करता आणि घरचाच वाकडा?"

"वजन परत वाढायला लागलं होतं," तो पुटपुटला. "तुला काय तोंड दाखवणार? काटा दोन किलो मागे फिरवला."

"चढ काट्यावर," ताई म्हणाली. त्याच्या पोटाआडून त्याला आकडा दिसत नसे. रोज बायकोच वाचून सांगायची. आज ताईने वाचला. "इथे दोनच कमी दिसतायत. म्हणजे चारातले दोन तू फिरवलेले. उरलेले दोन कोणाचे?"

आता बायकोने छताकडे पाहिलं. "माझे," ती म्हणाली आणि एकदम भडकली. "मग काय करू? जिन्यात चक्कर येऊन पडले होते हे! म्हटलं, कमी आकडा ऐकून तरी चार घास खातील मेले!"

चारातून दोन आणि दोन वजा जाता, दीड महिन्याची कमाई शून्य निघाली.

बायकोने पेटी टेबलावर आदळली. "उद्यापासून रोज चारशेच कमी. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. भलते उपास बंद, ही बिस्किटंही बंद. आणि काटा आत्ताच्या आत्ता सरळ करा. सील मी लावणार, तुमच्याच पक्कडीने!"

त्याने निमूटपणे काटा शून्यावर आणला. तिने तार ओवली, शिशाची गोळी करकचून दाबली आणि तपासायला म्हणून स्वतःच वर चढली.

तिने वाकून आकडा पाहिला, मग पुन्हा पाहिला.

"साडेचार वाढले?" ती किंचाळली. "काटा खोटा आहे!"

"सील तुझं आहे," काटेवाला म्हणाला. मग दीड महिन्यात पहिल्यांदाच त्याचा आवाज मऊ झाला. "माझ्या ताटातलं खाऊनच झालं ना गं? चल, दोघं मिळून चारशे-चारशे."

तिने पक्कड उगारली. पण मारली नाही.