यास्ना शाळेत काय करते

सँतियागोच्या टेकडीवरच्या बड्या शाळेत यास्नाला फुकट जागा मिळाली, तेव्हा तिचा बाप ओनोफ्रे सगळ्या गल्लीला सांगत सुटला. आई एर्मिंदा मात्र पाव कापता कापता थांबली.

"फुकट? का?"

"अगं, गरिबांचीही पोरं घ्यायची म्हणून. सोडत निघाली, आपलं नाव आलं."

"आपलं नाव कधी कशात आलंय? माझ्या आईलाही असंच 'शिकवू' म्हणून एका बड्या घरी नेलं होतं. भांडी घासून म्हातारी झाली, एक अक्षर आलं नाही तिला."

"तुला काय, पाद्रीबुवासुद्धा पाकीटमार वाटतो!"

सोमवारी यास्ना शाळेतून आली.

"काय शिकवलं गं?"

"भांडी घासली."

एर्मिंदाने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा टीव्हीकडे पाहू लागला. मंगळवारी यास्नाने बटाटे सोलले होते. बुधवारी अंगण झाडलं होतं, आणि बाईंनी तिची पाठ थोपटली होती.

"थोपटतीलच! बिनपगारी मोलकरीण मिळाली की!"

गुरुवारी एर्मिंदाने आपल्या लाँड्रीतल्या कामावर दांडी मारली आणि दोन बस बदलून शाळा गाठली. फाटकावरच्या पहारेकऱ्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"किती उशीर! कामवाल्यांनी मागच्या दाराने यायचं." आणि त्याने तिच्या हातात पाण्याने भरलेली बादली दिली.

एर्मिंदाच्या मनात आता शंका उरली नाही. ती खरं सांगणार होती, पण तशीच मागच्या दाराने आत शिरली. बादली हातात असली की बाईला कुणी काही विचारत नाही, हे तिला ठाऊक होतं. चार दालनं ओलांडून ती थेट अंगणात पोचली. तिथे यास्ना झाडू मारत होती.

"टाक तो झाडू!" एर्मिंदा कडाडली. बादली कलंडली. आवाज ऐकून धावत आलेल्या मुख्याध्यापिका त्या पाण्यावरून घसरल्या आणि खालीच बसल्या. "शिकवायला आणलीत की राबवायला?"

"आई!" यास्ना कानकोंडी झाली. "सगळेच झाडतायत."

एर्मिंदाने मान वळवली. अंगणभर गोरीगोमटी पोरं झाडत होती. एकीने तर झाडू उलटा धरला होता.

"ही होसेफा," यास्ना म्हणाली. "हिच्या बाबांच्या खाणी आहेत."

"ताई," मुख्याध्यापिका पाण्यात बसूनच समजावू लागल्या, "आमच्याकडे पुस्तकांचं ओझं नाही. मुलं श्रमातून जीवन शिकतात. पालक केवढी फी भरतात त्यासाठी!"

"झाडू मारायला फी?" एर्मिंदाला खरंच लाज वाटली. तिने बाईंना हात देऊन उठवलं. पण उठवता उठवता संशय पुन्हा डोकावलाच. "मग गणित कधी?"

"ते मुलं हळूहळू, आपलं आपण शोधतात."

"मला नाही शोधावं लागत," होसेफा म्हणाली. "माझे मास्तर दुपारी घरी येतात. सगळ्यांचेच येतात. यास्ना, तुझे नाही येत?"

मुख्याध्यापिका ओला झगा पिळू लागल्या.

"हं!" एर्मिंदा म्हणाली. "म्हणजे झाडू सगळ्यांना, आणि गणित ज्याच्या त्याच्या घरी. माझी पोर जीवन घरीच शिकलीय, बाई. तिला भागाकार हवाय. तो कोण शिकवणार ते आत्ता सांगा, नाहीतर मी इथून हलत नाही."

ती खरंच हलली नाही. मुलांना न्यायला गाड्या आल्या तरी ती फाटकात उभीच. शेवटी होसेफाची आईच म्हणाली, "आमच्या मास्तरांपुढे बसू दे ना तिला. होसेफालाही सोबत होईल."

"बड्या घरी?" एर्मिंदाचे डोळे बारीक झाले. "बसेल. पण मी येणार. आणि स्वयंपाकघरात नाही, तिच्या शेजारी बसणार."

तेव्हापासून लाँड्रीतली पाळी संपली की ती त्या बंगल्यात जाते, हाताची घडी घालून बसते आणि मास्तरांवरची नजर हटवत नाही. सुरुवातीला मास्तर बिचारे घामाघूम व्हायचे. परवा त्यांनी अपूर्णांकांचा धडा संपवून वही मिटली, तशी एर्मिंदा गरजली,

"थांबा! एवढ्यात कुठे निघालात?"

मास्तर दचकले. "काय झालं?"

"पोरींना कळलंय," तिने खुर्ची पुढे ओढली. "मला नाही. पुन्हा सांगा."