पिपरटोल्याचा फिरता संघ

महागूच्या थोरल्या मुलीला, दुर्गाला, तुमसरकडं दिलं ते साल १९६८. लग्नाच्या चौथ्या दिवशी मांडवाचे बांबू उतरवून महागू कामावर हजर झाला, तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात एक लाकडी पेटी येऊन पडली होती. महागू पिपरटोल्याच्या मिडल शाळेचा चपराशी. पेटी उघडणं हे त्याचं काम आणि पेटीत काय आहे ते न विचारणं हेही त्याचंच काम.

पेटीत एक बॅट निघाली, तीन चेंडू निघाले, फक्त डाव्या हाताचा एक जाडजूड हातमोजा निघाला, आणि नियमांचं एक इंग्रजी पुस्तक. सगळ्यांत खाली वरच्या कचेरीचं परिपत्रक होतं. हेडमास्तर तेजराम गुरुजींनी ते उभं राहून वाचलं. प्रत्येक शाळेने मुलींचा सॉफ्टबॉलचा फिरता संघ उभा करावा. संघ अल्पखर्ची असावा. त्याने परगावी जाऊन किमान एक सामना खेळलाच पाहिजे. परगावी जाण्याचा खर्च मंजूर नाही.

गुरुजींनी ते दोनदा वाचलं आणि 'मिळाले' म्हणून सही केली. सरकारी कागदात विसंगती दिसली तर दोष वाचणाऱ्याच्या डोळ्यांचा असतो, असं त्यांचं बावीस वर्षांच्या नोकरीतून बनलेलं मत होतं.

महागूची धाकटी मुलगी अंजना तेव्हा तेरा वर्षांची. धान पिकलं की शेतातल्या माळ्यावर बसून पोपट हाकलायचं काम तिच्याकडं असे. ती ढेकूळ खांद्यावरून फेकत नसे, कंबरेखालून हात फिरवून सोडत असे, आणि ते पोपटाच्या पुढ्यातल्या लोंबीला लागे, पोपटाला नाही. तिनं पेटीतला एक चेंडू उचलला आणि तसाच सोडला. पटांगणापलीकडं शाळेची घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला होता. चेंडू त्यावर बसला. चौथा तास संपायला वीस मिनिटं होती, पण घंटा झाली म्हटल्यावर शाळा सुटली. गुरुजींनी पुस्तकातली चित्रं पाहिली आणि सांगितलं की हा खेळ असाच, खालून चेंडू टाकून खेळतात. या गावात हे शिकवावं लागणार नव्हतं.

त्या संध्याकाळी अंजनानं बापाजवळ एक गोष्ट मागितली.

"बाबा, मले एक सामना खेळू द्या. बाहेरगावी जाऊन. मंग कुठंही द्या, मी काहून म्हणून इचारणार नाही."

दुर्गानं काही मागितलं नव्हतं, तिला कोणी विचारलंही नव्हतं. महागू 'हौ' म्हणाला. चपराशाचा शब्द गावात कोणी धरत नाही, पण त्याचा तो स्वतः धरत असे.

संघात नऊ मुली लागतात. त्या आठ दिवसांत मिळाल्या. समितीला महिना लागला. अध्यक्ष खेमराज पटेल, कारण गावातल्या प्रत्येक गोष्टीचे अध्यक्ष तेच. सचिव गुरुजी. उपाध्यक्ष दोन, कारण ते सख्खे भाऊ होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते. मग भोजनप्रमुख, शिस्तप्रमुख, स्वागतप्रमुख. नऊ खेळाडूंवर अकरा पदाधिकारी झाले, तेव्हा कुठं संघ उभा राहिला असं सर्वांना वाटलं. महागूला सामानप्रमुख केलं. म्हणजे पेटी डोक्यावर घ्यायची.

आयांनी जुन्या गोधड्या फाडून आठ हातमोजे शिवले. धावून गाठायचे चार टप्पे दाखवायला भुसा भरलेली पोती झाली. मुली रोज खेळू लागल्या आणि पावसाळा संपेपर्यंत चांगल्या खेळू लागल्या. उरला प्रश्न फुकट प्रवासाचा. तो गुरुजींनी एका बैठकीत सोडवला. गावातून माणसं एकत्र बाहेर जातात ती फक्त लग्नाला. येत्या वैशाखात गावातून सात ट्रक निघणार आहेत. ट्रक तसाही जाणार, तसाही येणार. नऊ पोरी त्यात कुठंही मावतील. नवरीचं जे गाव, तिथल्या शाळेला सामन्याचं पत्र पाठवायचं.

"म्हणजे मॅच पंचांग पाहून होईल," पटेल म्हणाले. "यह तो और अच्छा. मुहूर्तावरची गोष्ट बिघडत नाही."

ठराव एकमतानं मंजूर झाला. दोघा भावांनी वेगवेगळे हात वर केले.

पहिला ट्रक १९६९ च्या वैशाखात निघाला. वऱ्हाडाच्या ट्रकात कोण कुठं बसणार हे कोणी ठरवत नाही, ते आधीपासून ठरलेलं असतं. ड्रायव्हरजवळ नवरदेवाचे फुफाजी, म्हणजे आत्याचे यजमान, कारण त्यांना दुसरीकडं बसवलं तर ते उतरून घरी जातात. मागे मामा, मग काका, मग ज्यांनी कधीतरी याच नवरदेवाच्या बापाला आपल्या ट्रकात नेलं होतं ते सगळे. मग समितीचे अकरा. खेळाडूंना जागा मिळाली ती स्वयंपाकाच्या उलट्या घातलेल्या गंजांवर, म्हणजे मोठ्या पातेल्यांवर. बॅट फुफाजींनी मागून घेतली आणि ती टेकून पाय लांब केले.

सामना चार वाजता होता. तीन वाजता नवरीकडच्या बायका पाहायला आल्या की या नऊ पोरी कोण, नुसत्या उभ्या काहून आहेत. पटेलांच्या आई गोदाबाई पानाचा डबा मिटत म्हणाल्या, "आमच्याच आहेत. उभ्या राहून राहून पाय दुखतीन बिचाऱ्यांचे. बसवा पुऱ्या लाटाले."

पुऱ्या लाटायला त्या गावच्या नऊ पोरी आधीच बसलेल्या होत्या. त्या म्हणजे समोरचा संघ. दोन्ही संघ कणकेच्या ढिगाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसले आणि सूर्य मावळेपर्यंत लाटत राहिले. अंजनानं पलीकडच्या पोरीला विचारलं, "तुमच्याकडं चेंडू कोण टाकते?" ती पोरगी म्हणाली, "मीच." दोघी एकमेकींच्या हाताकडं पाहत राहिल्या. दोघींचेही कोपरापर्यंत पिठात होते.

परतल्यावर गुरुजींनी अहवाल लिहिला: संघ परगावी गेला, दोन्ही संघ वेळेवर उपस्थित, सामना अनिर्णित, खर्च निरंक.

महागू म्हणाला, "गुरुजी, पण चेंडू तर पेटीतून निघालाच नाही."

"म्हणून तर अनिर्णित लिहिलं," गुरुजी म्हणाले. "खोटं मी लिहीत नाही."

दुसऱ्या ट्रकाच्या वेळी जेवणाच्या पंगती लांबल्या. तिसऱ्या वेळी मैदानात नवरीकडच्या पाहुण्यांचे बैल बांधले होते. चौथ्या वेळी फुफाजी रुसले आणि त्यांची समजूत घालायला समिती गेली, समितीशिवाय सामना नियमबाह्य. पण पहिल्याच गावाहून आठवड्यात माणूस आला होता. पुऱ्या लाटणाऱ्यांतली ती उंच, घट्ट हातापायांची पोरगी कोणाची? ती सरिता होती, तिसऱ्या टप्प्यावर उभी राहणारी. दुसऱ्या गावानं साधनाला मागितलं. तेव्हा आसपासच्या गावांत कळलं की पिपरटोल्याच्या पोरी ट्रकभर फिरून येतात, तक्रार करत नाहीत, आणि उन्हात धावून काटक झालेल्या आहेत. लोक आता आपल्या लग्नाला वऱ्हाडाच्या आधी संघाला बोलावू लागले.

समितीला यात धोका दिसला नाही, उलट सोय दिसली. प्रत्येक खेळाडूचं लग्न म्हणजे तिला पोचवायला जाण्यायेण्याचा आणखी एक ट्रक. संघ आपल्याच खेळाडूंवर चालू लागला. पटेल म्हणाले, असा स्वयंपूर्ण संघ जिल्ह्यात दुसरा नसेल. लग्न झालेल्या मुलीचं नाव कमी करावं का, असा प्रश्न निघाला. नावं कमी झाली तर संघ मोडतो, संघ मोडला तर समिती मोडते. म्हणून गुरुजींनी रजिस्टरात एक नवा रकाना आखला, 'सद्यस्थिती', आणि सरिताच्या पुढं लिहिलं: प्रवासात. मग साधनाच्या पुढं. १९७० चा हंगाम संपला तेव्हा आठ नावांपुढं 'प्रवासात' होतं आणि एका नावापुढं 'हजर'.

अंजना मुद्दाम पुऱ्या करपवत असे. तिच्यासाठी आलेली तीन स्थळं महागूनं परत पाठवली होती. बायको मैनाबाई त्याच्याशी बोलेनाशी झाली. "जमान्याच्या पोरी चालल्या आणि तुम्ही चेंडू धरून बसले," एवढं एकदा म्हणाली, ते शेवटचं.

त्या हिवाळ्यात वरच्या कचेरीतून साहेब आले. त्यांनी रजिस्टर पाहिलं. दोन वर्षांत तेरा गावं, खर्च निरंक. त्यांनी विचारलं, संघ कुठं आहे? गुरुजींनी प्रामाणिकपणे सांगितलं, प्रवासात. फिरत्या संघाकडून याहून वेगळी अपेक्षा ती काय? साहेबांनी शेरा मारला: अनुकरणीय. जाताना बक्षीस म्हणून आणखी एक हातमोजा, तोही डावाच, आणि एक नवं परिपत्रक देऊन गेले. गुरुजींनी ते घडी करून खिशात ठेवलं.

महागू पटेलांच्या ओसरीवर जाऊन उभा राहिला. म्हणाला, मालक, एक सामना. नुसता एक. मी शब्द दिला आहे. पटेलांनी त्याला बसायला सांगितलं, जे त्यांनी पूर्वी कधी सांगितलं नव्हतं.

"महागू, नऊ लागतात ना? आठ जणी सासरी. त्याहिले सासरचे खेळाले पाठवतीन काय? नाही. मैत्रिणीच्या लग्नाले पाठवतीन काय? हौ. आता लग्नाची कोण उरली सांग बरं."

महागू घरी आला आणि त्यानं हे जसंच्या तसं पोरीला सांगितलं. त्याला वाटलं ती रडेल. अंजना बोटं मोजत होती.

"सरिता येईन. साधना येईन. साऱ्याच येतीन," ती म्हणाली. "बाबा, ठरवा मंग. पण लग्न बाहेरगावी पाहिजे, इथं नाही. नाहीतर सामना धरत नाहीत."

स्थळ उकव्याचं ठरलं, मुलगा खाणीत कामाला. लग्न नवरदेवाच्या दारी करायचं ठरलं, तसं गरिबाघरी चालतं, कोणी काही म्हटलं नाही. १९७१ चा ज्येष्ठ. ट्रक जंगलातून वर चढत होता आणि आठही मुली त्यात होत्या. तिघींच्या कडेवर मुलं होती, दोघींना दिवस गेले होते. अकरा पदाधिकारी बसल्यावर त्या गंजांवर बसल्या आणि उलट्या गंजावर टप्पे आखून कोण कुठं उभी राहील ते ठरवत राहिल्या. महागूनं पेटी मांडीवर घेतली होती. बॅट त्यानं या वेळी नवरीच्या फुफाजींना दिली नाही. फुफाजी रुसले. पहिल्यांदाच कोणी समजूत घातली नाही.

उकव्याच्या शाळेच्या पोरी मैदानात येऊन थांबल्या. पोती मांडली गेली. साधनानं मूल गोदाबाईंकडं दिलं आणि पदर खोचला. तेवढ्यात उकव्याच्या बायकांनी सांगितलं की हळद लागलेली पोरगी मांडवाबाहेर जात नाही. बरोबरच होतं. सामना लग्नानंतर ठेवला. अक्षता पडल्या, सात फेरे झाले. अंजना पिवळ्या लुगड्यात मैदानाकडं निघाली. तेव्हा गुरुजींनी खिशातून ते परिपत्रक काढलं. त्यांचा आवाज खाली गेला होता, पण वाचताना त्यांनी एकही शब्द गाळला नाही.

"खेळाडू ज्या गावची रहिवासी असेल, त्याच गावच्या संघाकडून खेळेल."

 मग दोन्ही उपाध्यक्ष भावांपैकी थोरला म्हणाला की अंजना तर आता उकव्याची झाली. धाकटा म्हणाला, आणि ह्या आठ जणी आठ गावच्या. तीन वर्षांत प्रथमच दोघांनी एकमेकांचं म्हणणं धरलं. पिपरटोल्याच्या संघात पिपरटोल्याची एकही मुलगी नव्हती. उकव्याकडं मात्र दहा झाल्या होत्या, एक जास्त. नियमाप्रमाणं नऊच, म्हणून अंजना तिकडूनही खेळू शकत नव्हती.

"गुरुजी, एक चेंडू," महागू म्हणाला. "सामना नको. तिले एक चेंडू टाकू द्या."

गुरुजी म्हणाले, त्याला हरकत नाही, पण तो कशात धरायचा? समिती विचारात पडली. विचार चालू असताना पंगत बसल्याची हाक आली. समिती गेली. मग वऱ्हाड गेलं. उकव्याच्या पोरींना वाढायला बोलावलं, त्या गेल्या. आठही मुली पुऱ्या लाटायला बसल्या, कारण त्या उभ्याच होत्या.

महागूनं पेटीतला एक चेंडू काढून पोरीच्या हातात दिला. तिनं तो टाकला नाही. लुगड्याच्या ओच्यात बांधला आणि सासूच्या मागं घरात गेली.

अहवालात सामना उकव्याला बहाल केल्याची नोंद आहे. शेवटच्या ओळीत 'एक चेंडू कमी' असंही आहे, आणि त्याबद्दल सामानप्रमुखाला ताकीद दिल्याचंही.

हे सांगितलं की ऐकणारे हसतात आणि विचारतात, मग त्या तेरा गावांत एकही सामना झालाच नाही का? त्या तेरा लग्नांत जेवून उठलेली माणसंही हात धुताना हेच विचारत होती. पुऱ्या कोणी लाटल्या हे त्यांनी विचारलं नाही, आणि आताही कोणी विचारत नाही.

अंजना १९७२ च्या भाद्रपदात, उकव्याला, पहिल्या बाळंतपणात वारली. वय सतरा. मूलही गेलं. सासरच्यांनी तिची पेटी परत पाठवली, त्यात चेंडू होता. महागूनं तो शाळेत जमा केला, गुरुजींनी 'मिळाला' म्हणून सही केली आणि त्याची ताकीद मागं घेतली. रजिस्टरात तिच्या नावापुढं अजून 'प्रवासात' असंच आहे.