कंपनीला टॉवेल-टोपी

भामाबाईंनी आपल्या हातानं सात मुली उजवल्या होत्या. दोन नणंदा, एक बहीण, तीन पुतण्या आणि पोटची एक. सातांतली एकही माघारी आली नव्हती. त्यामुळे नातीसाठी कंपनी निवडायला कुणा शिकलेल्याचा सल्ला घ्यावा, असं त्यांना वाटायचं काही कारणच नव्हतं.

नात प्रणिता नुकतीच इंजिनिअर झाली होती आणि तिच्यापुढे तीन नोकऱ्या होत्या. एक सरकारी कारखान्यातली, वर्षभर शिकाऊ आणि मग कायम. दुसरी एका अजस्र सॉफ्टवेअर कंपनीतली, जी पोरं हजारांनी घेते आणि देशभर कुठंही नेऊन टाकते. तिसरी इथंच हैदराबादेत, माधापुरातल्या बारा जणांच्या एका नव्या कंपनीतली. तिला स्वतःलाच अजून दोन वर्षं पुरी व्हायची होती. प्रणिताचं मन तिसरीवर बसलं होतं. तिथं पहिल्या दिवसापासून खरं काम मिळणार होतं. उत्तर द्यायला शुक्रवारपर्यंत मुदत होती.

भामाबाईंना कामाशी काही देणंघेणं नव्हतं. पोरगी रोज संध्याकाळी गौलीगुड्याच्या घरी जेवायला आली पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. थोरला नातू युवराज असाच ‘दोन वर्षांसाठी’ कॅनडाला गेला, त्याला आता सहा वर्षं झाली. रविवारी तो फोनवर यायचा आणि नुसतं कपाळ दाखवायचा. तोंड दिसेपर्यंत त्याचं बोलणं संपलेलं असायचं.

“मी जाऊन बघून येते तिन्ही ठिकाणं,” भामाबाईंनी मंगळवारी सकाळी जाहीर केलं.

त्यांचा मुलगा, प्रणिताचा बाप मुकुंदराव, पंपाचं दुकान चालवायचा. पन्नाशी उलटली तरी आईपुढे त्याचा आवाज निम्माच निघायचा. “माय, हल्ली कंपनीचं सगळं फोनवरच दिसतंय,” तो म्हणाला.

“फोनवर युवराजपण सुखी दिसतोय.”

मुकुंदरावानं दुकानाचं शटर ओढलं आणि रिक्षा बोलावली. प्रणिताला यातलं काही सांगायचं नाही, असं ठरलं. स्थळ बघायला जाताना मुलीला कोण नेतं?

भामाबाईंची रीत पक्की होती. न कळवता जायचं. तिथलं पाणी प्यायचं. चूल बघायची. शेजाऱ्याला विचारायचं. आणि त्या घरी आधी नांदायला आलेल्या सुनेच्या तोंडावर तेज आहे की नाही, ते बघायचं.

सरकारी कारखान्यात साहेब जेवायला गेले होते. ते तीन वाजेपर्यंत जेवत होते. बाहेरच्या खोलीत एक बाई स्वेटर विणत होती आणि एक गृहस्थ फायलीवर गाल टेकून निजला होता. भामाबाईंना बरं वाटलं. भर दुपारी माणसाला डोळा लागतो, म्हणजे घरात भांडण नाही. पाणी मात्र कोमट निघालं.

मोठ्या कंपनीनं फाटकाच्या आतच घेतलं नाही. तेव्हा त्यांनी समोरच्या चहावाल्याला शेजारी मानलं. तो म्हणाला की सकाळी आठ हजार जण आत जातात, सगळ्यांच्या गळ्यात एकसारखी पट्टी, आणि कोण आला कोण गेला हे आतल्यांनाही ठाऊक नसतं. “बैलबाजार आहे,” भामाबाई म्हणाल्या आणि ते स्थळ तिथंच मोडलं.

बुधवारी माधापूर. जाताना कोठीच्या बाजारात रिक्षा थांबवून त्यांनी पेढे, टॉवेल आणि पांढरी टोपी घेतली. कुंकवाचा करंडा घरूनच पिशवीत घातला होता. पसंत पडलं तर हाताशी असावं म्हणून.

तिसऱ्या मजल्यावर दाराशी चपला काढलेल्या दिसल्या. ही पहिली खूण चांगली. आत कोपऱ्यात एक दाढीवाला पोरगा कापसाच्या गाठोड्यासारख्या कशावर तरी आडवा पडून काम करत होता. त्याला कावीळ वगैरे आहे का, अशी त्यांनी चौकशी केली. मग फ्रिज उघडला. आत थंड पेयांचे डबे आणि एका वाटीत वाळलेली डाळ. पोरांना कुणी बघणारं नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं.

मालक हर्षवर्धन अठ्ठावीसचा, पुण्याचा. इतक्या दिवसांनी हापिसात कुणी मराठी म्हातारं माणूस आलेलं बघून तो उठला आणि चक्क वाकून पाया पडला. तिथंच निम्मं काम झालं. आम्ही प्रणिताच्या घरचे, असं मुकुंदरावानं पडेल आवाजात सांगितलं. भामाबाईंनी खुर्ची ओढली. वय किती, आईवडील काय करतात, भावंडं किती, राहतं घर स्वतःचं की भाड्याचं, दारू घेतो का, घेत असेल तर कुणाबरोबर, हे सगळं त्यांनी विचारलं. वडीलधाऱ्यांनी विचारलं की उत्तर द्यायचं, असं वळण लावलेला तो पोरगा. त्यानं सगळी उत्तरं दिली. पोरीला भाकरी थापता येत नाही हेही भामाबाईंनी सांगून टाकलं. मागून बोल नको.

शेजारच्या टेबलावर ईशा नावाची मुलगी बसली होती. तिला मराठी येत नव्हतं. भामाबाईंनी तिला पाणी आणायला पिटाळलं. तिनं आणलं, गार आणि काचेच्या ग्लासात. “शादी हुई क्या तेरी?” त्यांनी विचारलं. नाही, असं कळल्यावर, कायकू इतकी देर करती, असंही विचारून झालं. तेज होतं मुलीच्या तोंडावर. स्थळ पसंत.

पसंत घरातून भामाबाई कधी तशाच उठल्या नव्हत्या. त्यांनी हर्षवर्धनाला पूर्वेकडे तोंड करून बसवलं. कुंकू लावलं. खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी चढवली आणि तो ‘अहो आजी’ म्हणायला तोंड उघडतोय तोच त्यात पेढा घातला.

“पोरगी आता तुमची,” त्या म्हणाल्या. “शुक्रवारची वाट बघू नका.”

बाकीचे सगळे खुर्च्या सोडून उभे राहिले होते. कुणी फोन काढून चित्र घेत होतं. कावीळवाल्यानं टाळ्या वाजवल्या. ईशा तेवढी वाजवत नव्हती. ती टोपीकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते. परक्याच्या पोरीलाही आनंद झाला, असं भामाबाई रिक्षात दोनदा म्हणाल्या.

संध्याकाळी दिवेलागणीला प्रणिताच्या फोनवर पत्र आलं. कंपनीनं नेमणूक मागे घेतली होती आणि पुढच्या वाटचालीला शुभेच्छा दिल्या होत्या. तिनं तिथं फोन लावला आणि गॅलरीत जाऊन बराच वेळ बोलली. आत आली तेव्हा सगळं समजून घेऊन आली होती. ईशा म्हणजे पाणी आणणारी मुलगी नव्हती. ती कंपनीची निम्मी मालकीण होती, आणि चार वर्षांपासून हर्षवर्धनाशी तिचं ठरलेलं होतं. आपल्याच टेबलाशेजारी त्याचा टिळा झालेला तिनं बघितला होता. मराठी येत नसलं म्हणून काय झालं, कुंकू सगळ्यांना कळतं.

“मग गैरसमज झाला म्हणून सांग की,” मुकुंदराव म्हणाला.

प्रणितानं सांगितलं होतं. ईशानं तो मान्यही केला होता. पण तिचं म्हणणं, घरचे आज मुलीच्या वतीनं शब्द देऊन गेले, उद्या राजीनामाही देऊन जातील.

प्रणिता ओरडली असती तर भामाबाईंना जमलं असतं. ओरडण्यात त्यांना आजवर कुणी हरवलं नव्हतं. ती ओरडली नाही.

“त्यांनी मला निवडलं होतं आजी. तू कशाला गेलीस निवडायला?”

“चांगलंच सांगितलं की तुझं.”

“भाकरीचंसुद्धा?”

यावर भामाबाईंनी सरकारी कारखाना पुढे केला. घराजवळ आहे, दुपारचं डोळाभर निजता येतं, बाया स्वेटर विणतात. प्रणितानं ऐकून घेतलं आणि पान वाढून न घेताच आत निघून गेली. शुक्रवारी तिनं होकार कळवला. बैलबाजाराला.

भामाबाईंनी तेही गोड करून घेतलं. बाजार असला तरी त्याचं फाटक हैदराबादेतच होतं. नेमणुकीचं गाव ज्याचं त्यानं मागायचं असतं, हे त्यांनी चौकशी करून काढून घेतलं होतं, आणि गल्लीत चार दारी सांगूनही झालं होतं की पोरगी कुठं जात नाही, रात्रीची भाकरी घरीच खाणार.

पंधरा दिवसांनी प्रणितानं कंपनीला भरून दिलेले कागद फाईलला लावायला छापून आणले. ती अंघोळीला गेली तशी भामाबाईंनी सुनेला बोलावलं आणि वाच म्हणाल्या. रंजना तीस वर्षं या घरात होती आणि तिला घाई करायची सवय नव्हती.

“तीन गावं मागायची होती, आत्याबाई. तिनं भुवनेश्वर लिहिलंय.”

“पुढं?”

“चेन्नई.”

“आणि?”

“चंदीगड.”

भामाबाईंनी पदर सारखा केला. कागद लांबच्या लांब होता. खाली अजून काही असेल, असं त्या म्हणाल्या.

होतं. राहत्या गावी नेमणूक नको असेल तर कारण लिहा, असा एक रकाना होता. रंजनानं चष्मा पुसला, पुन्हा लावला. तिथं प्रणितानं एकच इंग्रजी शब्द लिहिला होता.

“फॅमिली,” रंजनानं वाचलं.

तिला अर्थ सांगावा लागला नाही. भामाबाईंना इंग्रजी येत नसे, पण तेवढा शब्द येत होता.